बासष्ट फर्म्यांचं गाइड

घरात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सहा वर्षांची असल्यापासून ती वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांना सुईत दोरा ओवून द्यायची, तेव्हा तिचं नाव सुई पडलं. पुढे वाढली तीही तशीच. अंगाने बारीक, चालायला ताठ आणि मधे कुणी आलं की टोचणारी. आई म्हणायची, "नाव ठेवताना विचार करायला हवा होता. उशी म्हटलं असतं तर निदान जरा मऊ तरी झाली असती."

वडील बाइंडर. रस्त्याकडे तोंड करून बाइंडिंगची खोली आणि तिच्या मागे राहायच्या दोन खोल्या. घरात जायला दुसरं दार नव्हतं, त्यामुळे पाहुणा असो की पोस्टमन, कागदाच्या थप्प्यांमधून अंग चोरत आत यायचा. खळीचा वास भिंतींनासुद्धा लागलेला. छापखान्यातून मोठाले छापील कागद यायचे, आई हाडाच्या पट्टीने त्यांच्या घड्या घालायची, आणि एका कागदाचा सोळा पानांचा एक फर्मा तयार व्हायचा. फर्मे क्रमाने एकावर एक रचायचे, बाबा ते शिवायचे, पाठीला खळ लावून दाबात ठेवायचे, मग पुठ्ठा चढायचा. कडा कापायचं यंत्र खोलीच्या कोपऱ्यात होतं. ते अडलं की मेकॅनिक येईपर्यंत सगळे हात बांधून बसत. सुई चौदा वर्षांची झाली तेव्हा तिने ते एकदा स्वतःच उघडलं, आणि त्यानंतर मेकॅनिक फक्त चहाला येऊ लागला.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं आणि यंत्रांचं शिकायचं. तिथे यंत्रशाखेला जागा साठ आणि प्रवेशपरीक्षेला बसणारी मुलं काही हजार. ऐकणाऱ्याला हा आकडा मोठा वाटायचा, सुईला मात्र नाही. ती म्हणायची, "साठांपैकी एक माझी. उरलेल्या एकोणसाठांसाठी भांडा म्हणावं."

बारावीच्या वर्षी शिलाईवर बसणारा जुना कारागीर काम सोडून आपल्या मुलाकडे राहायला गेला. त्याच्या जागी सुई बसणार असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, खुद्द सुईनेही. पण बाबांनी तिला टेबलापासून उठवलं.

"या वर्षी टेबलाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "दोघांचं काम मी ओढतो. पण एकच वर्ष, बाई. पुढच्या वर्षी मला ते दोन हात लागतील. मिळाली जागा तर तू सुटलीस, नाही मिळाली तर ये परत स्टुलावर."

"एकच वर्ष पुरे आहे," सुई म्हणाली.

बाकी मुलांनी चौकातला क्लास लावला. तिथले सर नावाजलेले होते आणि त्यांच्या वर्गात खिडकीतसुद्धा मुलं बसत. सुईने क्लास लावला नाही. तिचं म्हणणं असं, की मुलं ज्या गाइडावरून शिकतात ते गाइड जन्माला येतं आमच्या खोलीत, मग मी त्याच्यामागे चौकात कशाला जाऊ? म्हणणं ऐकायला झोकात होतं. तिने काय केलं, तर स्वतःचं गाइड स्वतःच जुळवलं. गाइड म्हणजे तीन विषयांचा एकच जाडजूड ठोकळा, बासष्ट फर्म्यांचा. बांधताना खराब होणार म्हणून छापखाना प्रत्येक फर्म्याच्या थोड्या प्रती जास्त पाठवतो, त्यातल्या उरलेल्या रद्दीत जातात. दोन वर्षांपूर्वी गाइडाची पहिली आवृत्ती निघाली होती तिचे काही उरलेले फर्मे फळीवर होते, आणि यंदा दुसरी निघाली तिचेही होते. सुईने दोन्हीकडून मिळतील तसे घेऊन एकपासून बासष्टपर्यंत आकडे पुरे केले. अनुक्रमणिकेची चार पानं वेगळी छापून चिकटवायची असतात, ती काही उरली नव्हती. पण अनुक्रमणिका हवीय कुणाला? ज्याला पुस्तक अख्खं वाचायचंय त्याला कुठे काय आहे याच्याशी काय घेणंदेणं?

जुळवून झाल्यावर तिने ते बाबांना दाखवलं. फर्म्याच्या घडीवर बाहेरून एक काळी रेघ छापलेली असते, प्रत्येक फर्म्याला आधीच्यापेक्षा थोडी खाली. फर्मे नीट रचले की पाठीवर त्या रेघांचा जिना दिसतो. पायरी गाळलेली दिसली तर फर्मा गहाळ, दोन पायऱ्या एका उंचीवर दिसल्या तर तोच फर्मा दोनदा. बाबांनी चष्मा वर करून पाठीवरून अंगठा फिरवला. जिना वरपासून खालपर्यंत सरळ होता. पानांचे आकडे बघितले, तेही ओळीने नऊशे ब्याण्णवपर्यंत. मग त्यांनी ते स्वतः शिवलं. ग्राहकालासुद्धा करून देत नसत अशी पाठ केली, कातड्याची, वर-खाली रंगीत पट्टीची. तीस वर्षांत त्यांच्या हातून फर्मा चुकून पुस्तक बाहेर गेलं नव्हतं आणि ही गोष्ट ते न विचारताही सांगत.

सुईने अभ्यास केला तो बाइंडरच्या हिशोबाने. आज हा धडा, उद्या तो धडा असं काही नाही. आठवड्याला दोन फर्मे, आणि शेवटच्या पंधरवड्यात जुन्या प्रश्नपत्रिका. पहाटे उठून मागच्या खोलीत बसायची, पुढच्या खोलीत बाबांचं यंत्र सुरू झालं की तिचा पहिला भाग संपलेला असायचा. शाळेत पदार्थविज्ञानाच्या बाई अर्धं वर्ष रजेवर होत्या आणि त्यांच्या तासाला मुलं मैदानात होती, पण सुईला त्याचं दुःख नव्हतं. तिचं गाइड रजेवर जात नव्हतं.

एकोणिसाव्या फर्म्यात लाटांचा धडा आला. तिने तो चाटून पुसून केला. पुढे अठ्ठाविसाव्या फर्म्यात पुन्हा लाटांचा धडा आला, शब्द न् शब्द तोच, उदाहरणंसुद्धा तीच. दुसरं कुणी असतं तर थबकलं असतं. सुई खूश झाली. तिला वाटलं, केवढं शहाणं गाइड आहे, मधेच उजळणी घेतं. तिने लाटा पुन्हा एकदा केल्या. त्या वर्षी त्या गावात लाटांमध्ये तिचा हात धरणारा कुणी नव्हता.

परीक्षेला एकवीस दिवस राहिले तेव्हा क्लासच्या सरांनी सराव परीक्षा ठेवली, बाहेरच्या मुलांनाही खुली. सुई गेली. जरा बाकीच्यांना आपण कुठे आहोत ते कळू दे, हा हेतू. पेपर सोडवताना तिला पाच प्रश्न असे दिसले की ज्यांचा तिला गंधही नव्हता. प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे काय म्हणे, दिशा बदलत राहणारी वीज. तिने पाचही प्रश्न सोडले आणि समोर पेन्सिलीने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न'. पाच वेळा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी निकाल सांगताना सरांनी तिला उभं केलं. ती अकरावी आली होती, दोनशे मुलांत.

"क्लास न लावता अकरावी. छान," सर म्हणाले. "पण हे काय लिहून ठेवलंयस?"

"आहे ते लिहिलंय, सर. हे प्रश्न अभ्यासक्रमातले नाहीत."

वर्गात खसखस पिकली. सर हसले नाहीत. "असं कोण म्हणतं?"

"गाइड म्हणतं. तुम्ही शिकवता तेच. आमच्याच घरी बांधलंय, बासष्टच्या बासष्ट फर्मे मी माझ्या हाताने जुळवलेत. असा धडा त्यात नाही."

सरांनी टेबलावरचं आपलं गाइड उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "नाही ना? मग पान दोनशे एकोणनव्वद काढ आणि मोठ्याने वाच."

पान दोनशे एकोणनव्वद म्हणजे एकोणिसावा फर्मा, लाटा. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिने मोठ्या ऐटीत पान उघडलं. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, प्रत्यावर्ती प्रवाह. तिने चटकन अठ्ठाविसावा फर्मा काढला. तिथे लाटा होत्या. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि त्या तोंडचं पाणी पळालं होतं.

काय झालं ते तिला उभ्याउभ्याच कळलं, बाइंडरची मुलगी होती ती. दोन्ही धडे सोळा-सोळा पानांचे. पहिल्या आवृत्तीत लाटा आधी आणि वीज नंतर होती. दुसऱ्या आवृत्तीत छापखान्याने दोघांची जागा बदलली, पानांचे आकडे, फर्म्यांचे आकडे, काळ्या रेघा, सगळं नव्या जागेप्रमाणे छापलं. तिने एकोणीस नंबर घेतला जुन्या आवृत्तीचा आणि अठ्ठावीस नंबर नव्या आवृत्तीचा. लाटा दोनदा आल्या आणि वीज कुठेच आली नाही. आकडे मात्र सगळे बरोबर.

"सर, माझी चूक आहे," ती म्हणाली.

"घेऊन जा हे," सर गाइड तिच्या हातात देत म्हणाले. "परीक्षा झाली की आणून दे. आणि पेन्सिलीने लिहिलंस म्हणून बरं, खोडता तरी येतं."

घरी येऊन तिने दोन्ही गाइडं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. बाबांनी तिचं गाइड उचललं, सवयीने पाठीवर अंगठा फिरवला.

"जिना बरोबर आहे," ते म्हणाले.

"जिना बरोबर आहे, बाबा. आतला माल चुकलाय."

आई घड्या घालायची थांबली. "म्हणजे तोच धडा तू दोनदा वाचलास? आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"मला वाटलं उजळणी आहे."

आईने तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. हसता हसता तिच्या हातातली पट्टी खाली पडली. शेवटी सुईलाही हसू आलं. बाबा मात्र हसले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि दोन्ही एकोणिसावे फर्मे उघडून बराच वेळ बघत राहिले. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. तीस वर्षांत त्यांनी किती पुस्तकं बांधली याची मोजदाद नव्हती, आणि त्यातलं एकही त्यांनी वाचलं नव्हतं. वाचत बसलं तर बांधणार कधी?

"मी तपासलं होतं," ते म्हणाले. "माझ्या हातून गेलंय हे."

"जुळवलं मी, बाबा."

"तपासलं मी."

त्यांचा तो पडलेला चेहरा सुईला वर्गातल्या हशापेक्षा जास्त लागला. तिने सरांचं गाइड उचललं. "वीस दिवस आहेत. सोळा पानं आहेत. एका धड्याने मी बुडत नाही," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने बाबा तिच्यामागे आले. हातात अभ्यासक्रमाची सरकारी यादी होती, फॉर्मबरोबर आलेली, इतके दिवस खळीच्या डब्याखाली होती.

"एक चुकलंय, तर दुसरंही चुकलं असेल," ते म्हणाले. "तू तुझा धडा कर. मी बाकीचं बघतो."

आणि मग त्या घरात एक नवलाची गोष्ट सुरू झाली. दिवसाचं काम उरकलं की बाबा हात धुऊन सुईच्या गाइडासमोर बसू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त मथळे यादीशी ताडून बघितले. सगळे जुळले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मनात आलं की मथळा बरोबर असेल आणि आत भलतंच असेल तर? मग ते पानंच वाचायला लागले, बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्या फर्म्यापासून. समजत होतं थोडं, समजत नव्हतं बरंच. पण एक पान संपून दुसरं सुरू होताना वाक्य नीट पुढे जातंय की नाही, एवढं कळायला विज्ञान लागत नाही. अडलं की ते सुईला हाक मारायचे आणि सुईला सांगावं लागायचं. इतरांना सांगताना 'ते तसंच असतं' म्हणून सुटता येतं, बाबांच्या बाबतीत ते चालत नसे.

विजेच्या धड्यावर तर त्यांनी तिचा घाम काढला.

"ही वीज पुढे जाते आणि तितकीच मागे येते ना?"

"हो."

"मग पोचते कधी? मी छापखान्यात निघालो, अर्ध्या वाटेतून परत आलो, पुन्हा निघालो, पुन्हा परत आलो. छापखानेवाला मला पैसे देईल का?"

सूत्र सुईला पाठ होतं, उदाहरणं सुटत होती, आणि इतक्या साध्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ती उठून पुढच्या खोलीत गेली. शिवण्याआधी पुस्तकाच्या पाठीला खाचा पाडायची बारीक करवत तिथे टांगलेली होती. ती घेऊन आली.

"ही कुठे जाते, बाबा? पुढे आणि मागे. हातभरसुद्धा पुढे सरकत नाही. तरी खाच पडते की नाही?"

बाबांनी करवतीकडे बघितलं, मग पानाकडे. "असं असेल तर लिहायचं ना तसं," ते गाइडावर रागावून म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं. सुईला तो धडा त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला.

परीक्षेच्या दोन दिवस आधी बाबा नऊशे ब्याण्णवाव्या पानावर पोचले. दुसरी चूक निघाली नव्हती. सुईच्याही जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या सोडवून झाल्या होत्या आणि विजेचा एकही प्रश्न तिला अडवत नव्हता. ती पुन्हा पहिल्यासारखी टोचायला लागली होती, म्हणून आई निश्चिंत होती.

परीक्षेच्या खोलीत चाळीस मुलं होती. शेजारच्याचं बघून लिहू नये म्हणून प्रश्नपत्रिकेचे चार संच असतात, प्रश्न तेच, फक्त क्रम वेगळा, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी संचाचं अक्षर. सुईला 'क' आला. घंटा झाली. पर्यवेक्षक बाईंनी सांगितलं, "पुस्तिकेची पानं मोजून घ्या. बत्तीस असली पाहिजेत." चाळीस मुलांनी पानं मोजली आणि लिहायला सुरुवात केली.

सुईनेही मोजली. बत्तीस होती. पण गेले वीस दिवस घरात मोजण्यावरचा विश्वास उडालेला होता, म्हणून तिने पेन हातात घेण्याआधी सगळे शंभर प्रश्न वरवर वाचून काढायचं ठरवलं. बारावा प्रश्न एका कप्पीवर टांगलेल्या दोन वजनांचा होता. सेहेचाळिसावा प्रश्नही एका कप्पीवर टांगलेल्या दोन वजनांचा होता. तीच वजनं, तेच चार पर्याय.

दोनदा काही आलं की त्याच्या बदली दुसरं काहीतरी गेलेलं असतं, हे तिला आता कुणी शिकवायला नको होतं. तिने पानांच्या तळाशी बघितलं. क, क, क, आणि मधली चार पानं, ख. पानांचे आकडे ओळीने बरोबर होते. कुठल्यातरी बाइंडिंगच्या टेबलावर घड्या जुळवताना मधल्या कागदाची थप्पी चुकीची घेतली गेली होती. त्या चार पानांवर बारा प्रश्न होते आणि ते 'क'च्या उत्तरांनी तपासले गेले असते तर बारा प्रश्न गेले खड्ड्यात.

तिने हात वर केला.

"पानं मोजलीस ना?" बाई म्हणाल्या. "बत्तीस आहेत ना? मग लिही."

"पानं बत्तीसच आहेत, मॅडम. पण मधली चार दुसऱ्या संचाची आहेत."

"छपाईत होतं असं थोडंफार."

"छपाई चांगली आहे. जुळणी चुकलीय. हे बघा अक्षर."

बाईंनी बघितलं आणि राखीव गठ्ठ्यातली दुसरी 'क' पुस्तिका आणून दिली. सुईने मधलं पान उघडलं. तिच्यातही ख. बाई आता घाबरल्या, केंद्रप्रमुखांना बोलवायला माणूस धावला, दुसऱ्या खोलीतून पुस्तिका आली. ती बरोबर निघाली. तोवर बारा मिनिटं गेली होती.

सुईने पहिला प्रश्न सोडवला, दुसरा सोडवला. तिसऱ्याला तिचं लक्ष पुढच्या बाकाकडे गेलं. तिथली मुलगी मान खाली घालून भराभर उत्तरांचे गोल काळे करत होती, आणि तिच्या पुस्तिकेवर 'क' होता.

थप्पी चुकली की एकच प्रत चुकत नाही. हात यंत्रासारखा चालतो, वीस-पंचवीस प्रती ओळीने तशाच जातात. हे त्या खोलीत फक्त सुईला माहीत होतं. बाईंना वाटत होतं की दोन खराब निघाल्या, झालं. खोलीत 'क'वाले आणखी नऊ जण असणार, आणि नऊही जण तिच्या साठ जागांवर डोळा ठेवून आलेले. ती गप्प बसली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं, कारण कुणाला कळलंच नसतं. उलट वाट थोडी रिकामीच झाली असती. हे सगळं तिच्या मनात आलं, खोटं कशाला बोला. आणि घड्याळही समोरच होतं. एकच वर्ष, एकच परीक्षा.

मग तिला बाबांचा पडलेला चेहरा दिसला. 'तपासलं मी' म्हणतानाचा.

ती उभी राहिली. "मॅडम, सगळ्या 'क' पुस्तिका तपासाव्या लागतील."

"अगं, तुझी बदलून दिली ना? बस खाली. तुझाच वेळ जातोय."

"माझा वेळ मी बघते. ही एका पुस्तिकेची चूक नाही, थप्पीची आहे. माझे वडील बाइंडर आहेत. ज्यांच्याकडे 'क' आहे त्यांनी सोळावं पान उघडून खाली अक्षर बघा!" शेवटचं वाक्य ती बाईंकडे न बघता खोलीला म्हणाली.

खोलीत पानांची सळसळ झाली. एक हात वर आला, मग दुसरा. पुढच्या बाकावरची मुलगी रडकुंडीला येऊन मागे वळली. एकूण सात निघाल्या. केंद्रप्रमुख पुन्हा आले, बाकीच्या खोल्यांत निरोप गेले, आणि कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत बघायचं हे दोनदा सुईलाच समजावून सांगावं लागलं. वेळ वाढवून मिळणार नाही, असं शेवटी केंद्रप्रमुख खाली बघत म्हणाले. सुई पुन्हा बसली तेव्हा पंचवीस मिनिटं गेली होती.

मग तिने जो पेपर ओढला तो ओढला. विजेचे पाच प्रश्न आले होते, पाचही सुटले. लाटांचे चार, ते तर तिने वाचता वाचताच सोडवले. शेवटची घंटा झाली तेव्हा नऊ प्रश्न कोरे होते.

घरी आल्यावर तिने सांगितलं ते ऐकून आईने कपाळाला हात लावला. "अगं, नऊ प्रश्न! सात जणांना वाचवलंस आणि त्यातलेच दोन-तीन तुझ्या डोक्यावर बसले म्हणजे?"

"बसू देत. साठ जागा आहेत, आई. एक मला पुरते."

बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "पुस्तिका पिना मारून बांधलेली होती की शिवलेली?"

"पिना."

"तरीच," ते म्हणाले आणि कामाला लागले. पण महिनाभर त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. शिलाईवर बसायला एक जण येतो म्हणत होता, त्याला त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जुन्या कारागिराचं स्टूल रोज पुसलं जात होतं आणि रिकामं राहत होतं. सुईला ते दिसत होतं. ती तेवढ्यापुरती नजर वळवायची.

निकालाची यादी कॉलेजच्या फाटकाशी काचेच्या पेटीत लागली. तिघंही गेले. पेटीसमोर ही झुंबड. सुई सुईसारखी शिरली आणि क्षणात पुढे पोचली. यादी एकाच पानाची होती, साठ नावांची. तिने खालून वर बघायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच नावावर थांबली. अठ्ठावन्न. मागे वळून तिने आईकडे बघितलं आणि आईला सांगावं लागलं नाही.

बाबा घुसत घुसत काचेपाशी आले, चष्मा पुसला, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले.

"अहो, खाली बघा, खाली," आई मागून ओरडली.

"थांब. वाचतोय."

ते एकेक नाव वाचत होते, ओठ हलवत, पूर्ण. मागून लोक ढकलत होते. "काका, लवकर करा ना जरा," कुणीतरी म्हणालं. बाबा हलले नाहीत. एक्केचाळिसाव्या नावाला शेजारून एक मुलगी किंचाळली, "ते माझं!" आणि पुढच्याच क्षणी तिने सुईला ओळखून गळ्यात मिठी मारली. परीक्षेत पुढच्या बाकावर बसलेली होती ती. बाबांचं बोट बेचाळीसवर गेलं, त्रेचाळीसवर गेलं.

अठ्ठावन्नाव्या नावाशी बोट थांबलं. तिथे तिचं नाव होतं, पूर्ण, कागदोपत्री असतं तसं. आधी तिचं, मग आडनावाच्या आधी वडिलांचं. आयुष्यभर इतका छापील कागद त्या हातांखालून गेला होता, आणि स्वतःचं नाव छापलेलं बाबांनी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी ते पुन्हा वाचलं.

"बाबा, मिळाली," सुई त्यांच्या दंडाला धरून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चला आता, लोक खोळंबलेत."

"थांब जरा," बाबा म्हणाले, "अजून दोन राहिलीत."

आणि मागचे लोक ओरडत असताना त्यांनी ती दोन नावंही सावकाश वाचली.